झिरो बॅलन्सचे खाते आणि पासबुकातले लहान आकडे



आपल्या त्रैमासिकात आपण आजवर आरोग्य, शाळा, पाणी आणि शेती यांविषयीचे धडे वाचत आला आहात. या वेळचा धडा पैशाचा आहे, तोही मोठ्या पैशाचा नाही. सतरा रुपये, एकोणसाठ रुपये, दोनशे छत्तीस रुपये असे जे लहान आकडे पासबुकात छापले जातात आणि जे कोणी वाचत नाही, त्यांविषयी मला लिहायचे आहे.

नंदुरबार जिल्ह्यात, सातपुड्यातील भिल्ल आणि पावरा वस्त्यांमध्ये काम करताना बाजाराच्या दिवशी मी एका झाडाखाली पासबुके वाचायला बसते. रोजगार हमीची मजुरी, मुलांची शिष्यवृत्ती, बाळंतपणाची मदत, लाडकी बहीण योजनेचे पैसे, आता सगळेच बँकेतून येते. ऊसतोडीला गुजरातेत गेलेला मुलगा घरी पैसे पाठवतो, तेही बँकेतूनच. म्हणून बँकेतला प्रत्येक रुपया कुठे जातो, हे कळणे आमच्याकडे धान्य मोजता येण्याइतकेच गरजेचे झाले आहे. एक वयस्क बाई पासबुक माझ्यापुढे ठेवून म्हणाल्या, "ताई, खातं माझ्या नावाचं, पण त्यातलं खातंय कोण?" त्यांच्या प्रश्नाचे उत्तर नीट देता यावे, यासाठी हा धडा.

१. बिनशुल्क खाते आले कुठून?

पूर्वी गरीब माणसाला बँक परकी वाटे, आणि त्याचे मुख्य कारण होते किमान शिल्लक. खात्यात पाचशे-हजार रुपये कायम पडून ठेवणे मजुराला परवडत नसे. नोव्हेंबर २००५ मध्ये रिझर्व्ह बँकेने सर्व बँकांना सांगितले की शून्य किंवा अगदी थोड्या शिलकीवर चालणारी साधी खाती द्या. ऑगस्ट २०१२ मध्ये या खात्यांना 'मूलभूत बचत बँक ठेव खाते' असे नाव मिळाले. फॉर्मवर त्याला बीएसबीडी खाते म्हणतात, आणि लोकांच्या तोंडी ते 'झिरो बॅलन्स' झाले. २८ ऑगस्ट २०१४ रोजी सुरू झालेल्या प्रधानमंत्री जनधन योजनेतील खाती याच प्रकारची आहेत. २०२३ पर्यंत जनधन खात्यांची संख्या पन्नास कोटींवर गेली.

या खात्यात काय मोफत मिळते, ते रिझर्व्ह बँकेने १ जुलै २०१९ पासून लागू झालेल्या नियमांत स्पष्ट केले:

- किमान शिलकीची अट नाही, म्हणून त्यासाठी दंडही नाही.
- पैसे कितीही वेळा भरता येतात.
- महिन्यात किमान चार वेळा पैसे काढणे मोफत. त्यात एटीएममधून काढलेलेही धरले जातात.
- एटीएम कार्ड मोफत, त्याचे वार्षिक शुल्क नाही.
- खाते बराच काळ न वापरल्याबद्दल किंवा ते पुन्हा चालू करण्याबद्दल शुल्क नाही.

एक अट मात्र लक्षात ठेवा. ज्या बँकेत हे खाते आहे, त्याच बँकेत त्या माणसाला दुसरे बचत खाते ठेवता येत नाही. असल्यास ते तीस दिवसांत बंद करावे लागते.

ज्यांच्याकडे पुरेसे कागद नाहीत, त्यांच्यासाठी 'छोटे खाते' आहे. बँक अधिकाऱ्यासमोर स्वतःचा फोटो देऊन सही किंवा अंगठा केला की ते उघडता येते. त्याला मर्यादा आहेत: वर्षभरात एकूण जमा एक लाख रुपयांपर्यंत, कोणत्याही वेळी शिल्लक पन्नास हजारांपर्यंत आणि महिन्यात काढणे दहा हजारांपर्यंत. हे खाते पहिले बारा महिने चालते. तेवढ्यात कागदपत्रांसाठी अर्ज केल्याचा पुरावा दिला, तर आणखी बारा महिने मिळतात.

२. मग पैसे कापले का जातात?

बहुतेक वेळा उत्तर साधे असते: त्या माणसाचे खाते झिरो बॅलन्सचे नसतेच. बचत खाते आणि झिरो बॅलन्स खाते यांची पासबुके सारखीच दिसतात. कधी घाईत साधे बचत खाते उघडले जाते, कधी मुलाच्या प्रवेशासाठी नवे खाते काढावे लागते, आणि घरातल्या कोणालाच फरक माहीत नसतो.

फरक केवढा पडतो, हे दाखवण्यासाठी मी एक नमुना हिशेब मांडते. हे कोणा एकाचे पासबुक नाही, आणि प्रत्येक बँकेचे दर वेगळे असतात. पण अशा नोंदी मी नेहमी पाहते.

साध्या बचत खात्यात एका वर्षात:

- कार्डाचे वार्षिक शुल्क २०० रुपये, त्यावर १८ टक्के जीएसटी: २३६ रुपये
- एसएमएस शुल्क तिमाहीला १५ रुपये अधिक कर, चार वेळा: ७० रुपये ८० पैसे
- किमान शिलकीचा दंड ५० रुपये अधिक कर, पाच महिने: २९५ रुपये
- मोफत मर्यादेपलीकडे एटीएममधून तीनदा पैसे काढले, प्रत्येकी २३ रुपये अधिक कर: ८१ रुपये ४२ पैसे

एकूण ६८३ रुपये २२ पैसे. २०२५-२६ साली महाराष्ट्रात रोजगार हमीच्या मजुरीचा दर दिवसाला ३१२ रुपये होता. म्हणजे दोन दिवसांहून अधिक काळ माती उचलल्याचे पैसे या चार ओळींत गेले. झिरो बॅलन्सच्या खात्यात यातील कार्डाचे शुल्क आणि किमान शिलकीचा दंड, मिळून ५३१ रुपये, मुळीच लागले नसते.

३. दंडालाही नियम असतात

साधे बचत खाते असले तरी बँकेला मनाला येईल तसे कापता येत नाही. शिल्लक कमी पडली, तर आधी ग्राहकाला कळवावे लागते आणि ती भरायला किमान एक महिना द्यावा लागतो. जेवढी शिल्लक कमी, त्या प्रमाणात दंड असावा लागतो. आणि १ एप्रिल २०१५ पासून असा नियम आहे की केवळ किमान शिलकीच्या दंडामुळे बचत खाते उणे होता कामा नये. पासबुकात शिलकीपुढे उणे चिन्ह दिसले आणि कारण हेच असले, तर शाखेत जाऊन विचारण्याचा आपल्याला पूर्ण हक्क आहे.

दोन वर्षे ग्राहकाने स्वतः काही व्यवहार केला नाही, तर खाते निष्क्रिय धरले जाते. अशा खात्यावर किमान शिलकीचा दंड लावता येत नाही आणि ते पुन्हा चालू करण्याचे पैसेही घेता येत नाहीत. हा नियम १ एप्रिल २०२४ पासून लागू आहे. ऊसतोडीला जाणाऱ्या कुटुंबांना हे मुद्दाम सांगावे लागते, कारण 'खातं मेलं' असे समजून ते तिसऱ्याच बँकेत नवे खाते काढतात.

या नव्या खात्यांमुळे आणखी एक घोळ होतो. आधारला शेवटी जे खाते जोडले जाते, सरकारी मदत त्यात जमा होते. मग बाई जुन्या बँकेत चकरा मारत राहते आणि पैसे भलत्याच खात्यात पडून असतात. म्हणून कोणतेही खाते बंद करण्याआधी आपले आधार कोणत्या बँकेला जोडलेले आहे, हे विचारून घ्या.

४. प्रत्येक वजावट म्हणजे लूट नव्हे

मे महिन्याच्या शेवटी किंवा जूनच्या सुरुवातीला अनेकांच्या खात्यातून २० रुपये आणि ४३६ रुपये कमी होतात. त्या वेळी माझ्या झाडाखाली सर्वांत जास्त राग दिसतो. हे बँकेचे शुल्क नाही. २० रुपये हा प्रधानमंत्री सुरक्षा बीमा योजनेचा, म्हणजे अपघात विम्याचा वर्षाचा हप्ता आहे. ४३६ रुपये हा जीवन ज्योती बीमा योजनेचा हप्ता आहे. दोन्हींत मृत्यूनंतर वारसाला दोन लाख रुपये मिळतात. डोंगरात कुटुंबाचा कर्ता माणूस गेला तर ही रक्कम फार मोठा आधार ठरते. म्हणून मी लोकांना सांगते की वारसाचे नाव तपासा, घरच्यांना हप्त्याची माहिती द्या, आणि पासबुक नीट ठेवा.

पण हा विमा ऐच्छिक आहे. कोणी न विचारता सही घेतली असेल, किंवा दोन बँकांतून दोन हप्ते जात असतील, तर लेखी अर्ज देऊन तो थांबवता येतो. विम्याचा दावा एकाच खात्यावर मिळतो, म्हणून दुसरा हप्ता वायाच जातो.

पैसे कापले म्हणजे बँक चोर, आणि बँकेने कापले म्हणजे बरोबरच असणार, ही दोन्ही मते चुकीची आहेत. नोंद वाचावी, कारण विचारावे, मग ठरवावे.

५. गावातला बँकमित्र

आता एक अवघड गोष्ट. आमच्याकडे बहुतेक लोक शाखेत जात नाहीत. गावातला बँकमित्र अंगठ्याच्या मशीनवर पैसे देतो आणि हजारामागे दहा-वीस रुपये ठेवून घेतो. रिझर्व्ह बँकेच्या नियमाप्रमाणे बँकेच्या वतीने दिलेल्या सेवेसाठी बँकमित्राला ग्राहकाकडून स्वतः शुल्क घेता येत नाही. त्याला कमिशन बँक देते.

हा नियम मी सांगितला, तेव्हा एका पाड्यावरच्या वडीलधाऱ्या माणसाने मला थांबवले. ते म्हणाले, "तालुक्याला जायचं तर जीपचे जाऊन-येऊन पैसे, दिवसाची मजुरी बुडते, वर रांग. हा पोरगा वीस रुपयांत दारात पैसे देतो. तुम्ही तक्रार केली आणि त्यानं मशीन बंद केलं, तर आम्ही काय करायचं?"

त्यांचे म्हणणे खोटे नव्हते. बँकमित्राचे कमिशन तुटपुंजे असते, नेटवर्कसाठी त्याला टेकडीवर चढावे लागते, रोकड आणायला त्यालाही तालुक्याला जावे लागते. तरीही नियम माहीत असणे आणि नसणे यांत फरक आहे. नियम माहीत असलेला माणूस घासाघीस करू शकतो. त्या पाड्यावर आम्ही बसून तीन गोष्टी ठरवल्या. पहिली, दर वेळी पावती घ्यायची. दुसरी, अंगठा एकदाच द्यायचा. मशीन "व्यवहार फसला" असे म्हणाले, तर शिल्लक तपासल्याशिवाय दुसऱ्यांदा अंगठा लावायचा नाही. तिसरी, पाचशे-पाचशे रुपये चारदा काढण्याऐवजी घरचा हिशेब करून एकदाच काढायचे. बँकमित्राला शत्रू न करता त्याचा व्यवहार उघडा ठेवायचा, असा हा मार्ग आहे. तो पुरेसा आहे असे मी म्हणत नाही. बँकांनी कमिशन वाढवल्याशिवाय हा प्रश्न सुटणार नाही.

एटीएममधून नोटा आल्या नाहीत आणि पैसे मात्र वजा झाले, तर बँकेने पाच दिवसांत ते परत जमा केले पाहिजेत. त्यानंतर उशीर झाला तर दिवसाला १०० रुपये भरपाई आहे. हे फार थोड्यांना ठाऊक असते.

६. बिनशुल्क खाते उद्याही राहील का?

बँकेला प्रत्येक खात्याचा खर्च येतो: माणूस, मशीन, पासबुक, रोकड. बिनशुल्क खात्याचा खर्च बँक कुठून तरी भरून काढते. पडून असलेल्या शिलकीवर ती व्याज कमावते आणि दुकानदाराकडून कार्डाच्या व्यवहारावर कमिशन घेते. भारतात जानेवारी २०२० पासून रुपे डेबिट कार्ड आणि युपीआयवर दुकानदाराचे हे शुल्क शून्य केले आहे. दुकानदाराला ते चांगले झाले, पण बँकेची मिळकत त्या बाजूने आटली. अमेरिकेत २०११ मध्ये कायद्याने कार्डावरचे कमिशन मर्यादित केले, तेव्हा बँक ऑफ अमेरिकाने डेबिट कार्डावर महिना पाच डॉलर लावण्याचे जाहीर केले. लोकांचा इतका विरोध झाला की महिना-दीड महिन्यात तिला तो बेत सोडावा लागला. म्हणजे ओढाताण सगळीकडे सारखीच आहे.

आपल्याकडेही हे दिसले. स्टेट बँकेने एप्रिल २०१७ मध्ये किमान शिलकीचा दंड पुन्हा सुरू केला आणि पुढच्या आठ महिन्यांत १,७७१ कोटी रुपये गोळा केले. त्या वर्षाच्या दुसऱ्या तिमाहीतील तिच्या नफ्याहून ही रक्कम जास्त होती. देशभर टीका झाली. दंडाचे दर उतरले, आणि मार्च २०२० मध्ये स्टेट बँकेने ही अटच काढून टाकली. २०२५ मध्ये कॅनरा बँक, पंजाब नॅशनल बँक, बँक ऑफ बडोदा आणि इंडियन बँक यांनीही तसेच केले. उलट त्याच वर्षी ऑगस्टमध्ये आयसीआयसीआय बँकेने शहरांतील नव्या खात्यांसाठी किमान सरासरी शिल्लक ५०,००० रुपये केली आणि टीकेनंतर ती १५,००० वर आणली.

झिरो बॅलन्स खात्यांचीही एक कहाणी आहे. आयआयटी मुंबईतील प्राध्यापक आशिष दास यांच्या अभ्यासातून पुढे आले की स्टेट बँक चार वेळांनंतरच्या प्रत्येक व्यवहाराला, अगदी मोबाइलवरून केलेल्या व्यवहारालाही, १७ रुपये ७० पैसे आकारत होती. २०१५ ते २०२० या काळात सुमारे बारा कोटी गरीब खातेदारांकडून तीनशे कोटींहून अधिक रक्कम घेतली गेली. ऑगस्ट २०२० मध्ये आयकर खात्याच्या केंद्रीय मंडळाने बँकांना सांगितले की १ जानेवारी २०२० नंतर रुपे आणि युपीआयसारख्या डिजिटल व्यवहारांवर घेतलेले शुल्क परत करा.

या सर्वांतून मी एवढेच शिकले: बिनशुल्क खाते आपोआप टिकत नाही. कोणी तरी पासबुक वाचते, हिशेब करते, विचारते, म्हणून ते टिकते. शहरातला ग्राहक वर्तमानपत्रात तक्रार करतो. आमच्या पाड्यावरचा माणूस गप्प राहतो, आणि ज्याचा आवाज येत नाही त्याच्यावर शुल्क लावणे सर्वांत सोपे असते.

७. आपण काय करू शकता

मंडळीतील अनेक सभासद बँकेत, टपाल खात्यात किंवा शाळेत नोकरी करून निवृत्त झाले आहेत. त्यांचा अनुभव आम्हाला हवा आहे. आपल्या घरी काम करणारी बाई, आवारातला पहारेकरी, बांधकामावरचे मजूर यांच्यापासूनही सुरुवात करता येईल. रीत अशी:

(अ) पासबुक भरून आणायला सांगा आणि मागच्या बारा महिन्यांच्या वजावटी वेगळ्या कागदावर लिहा.

(आ) शाखेत विचारा, "हे खाते कोणत्या प्रकारचे आहे?" उत्तर पासबुकावर लिहून घ्या.

(इ) साधे बचत खाते असेल आणि मोठी उलाढाल नसेल, तर असा अर्ज द्या: "महोदय, आपल्या शाखेतील माझे बचत खाते मूलभूत बचत बँक ठेव खात्यात बदलून द्यावे, ही विनंती. अर्जाची पोच मिळावी." खाली नाव, खाते क्रमांक, तारीख आणि सही किंवा अंगठा. पोच घेतल्याशिवाय उठू नका.

(ई) पुन्हा केवायसी करायची असेल तर घाबरू नका. जनधनची पहिली खाती २०१४-१५ मधली, त्यांची दहा वर्षे झाली म्हणून २०२५ च्या जुलै ते सप्टेंबरमध्ये ग्रामपंचायतींत शिबिरे झाली. ज्यांचे तेव्हा राहून गेले, त्यांनी शाखेत जावे.

(उ) बँकेने तक्रारीला तीस दिवसांत उत्तर दिले नाही किंवा उत्तर पटले नाही, तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे तक्रार करता येते. त्याला पैसे लागत नाहीत आणि वकीलही लागत नाही. माहितीसाठी १४४४८ हा क्रमांक आहे.

(ऊ) कोणाच्याही वतीने त्याचा पिन, ओटीपी किंवा कार्ड स्वतःजवळ ठेवू नका. मदत करणाऱ्याने हिशेब शिकवावा, पैसा हाताळू नये. आमच्या कामात हा नियम आम्ही कडक पाळतो. त्यामुळेच लोक आमच्यासमोर पासबुक उघडतात.

गटात चर्चेसाठी प्रश्न

१. आपल्या स्वतःच्या खात्यातून गेल्या वर्षी किती शुल्क गेले? ते आपल्याला न पाहता सांगता येते का?

२. आपल्या ओळखीतील कोणाला झिरो बॅलन्स खात्याची सर्वाधिक गरज आहे? त्याच्याकडे ते आहे का?

३. बँकमित्राला दिलेले वीस रुपये योग्य की अयोग्य? त्या वडीलधाऱ्या माणसाला आपण काय उत्तर दिले असते?

४. येत्या तीन महिन्यांत आपला गट किती पासबुके वाचून देऊ शकेल? आकडा ठरवा, आणि तो आम्हाला पत्राने कळवा.